सरावापुरतं मरण

"तू मेली तं कोण?"

पहिल्याच भेटीत एखाद्या बाईला विचारायचा हा प्रश्न आहे का, तुम्हीच सांगा. नोकरीचा पहिला दिवस. नवी साडी नेसून मी अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या प्रशिक्षण केंद्राचा जिना चढले. खाली शिकवणीवर्ग, शेजारी चष्म्याचं दुकान आणि वर आम्ही, म्हणजे खेड्यापाड्यांत नेतृत्व घडवणारे. दारातच तुराटीसारखा वाळका, उंच, साठीकडे झुकलेला माणूस उभा होता. मी म्हटलं, "नमस्कार सर, मी नवीन सहायक प्रशिक्षक." त्यांनी मला चपलेपासून वेणीपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बरं. तू मेली तं कोण?"

मला वाटलं मी जिना चुकले, हे विम्याचं ऑफिस असणार.

पुढे सहा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काढली. या सहा वर्षांत माझे जेवढे केस पांढरे झाले तेवढा तर भातकुली तालुक्यात कापूस पिकत नाही. माझा नवरा मला फोकनाडी म्हणतो. फोकनाडी म्हणजे हातभर गोष्टीला कोसभर ताणणारी. तेव्हा मी सांगते त्यातलं निम्मं कापा. उरलेलं निम्मंही तुम्हाला पटायचं नाही, पण ते मात्र खरं आहे.

आमचं काम कागदावर फार देखणं होतं. गावोगावचे महिला गट, दूध संस्था, शेतकऱ्यांच्या कंपन्या यांच्या अध्यक्षांना तयार करायचं, म्हणजे गावातला धंदा गावात टिकेल. इतर संस्था हेच काम माणसासारखं करत. बॅनर लावायचं, पाहुण्याला नारळ द्यायचा, खेळ घ्यायचे, फोटो काढायचे, जेवायचं, परत यायचं. आमचे सर बॅनर दिसलं की त्याची गुंडाळी करून त्यावर बसायचे. कमरेखाली जरा मऊ लागतं म्हणे. मी सहा वर्षांत वरती जेवढे फोटो पाठवले त्यांत एकाही फोटोत बॅनर सरळ नाही आणि एकाही फोटोत सर नाहीत. ते बसायचे चपलांपाशी. प्रशिक्षण सतरंजीवर चालू आणि मुख्य प्रशिक्षक दाराबाहेर चपलांच्या ढिगात.

"सर, आत या की! लोक काय म्हणतील?"

"मॅडम, पुढारी माइकपाशी सापडत नाई. कोन दुसऱ्याच्या चपला सरळ करून ठेवते, थे पाहून राह्यलो मी."

दिवसभर चपला पाहून हा माणूस संध्याकाळी सांगायचा की अध्यक्ष कुचकामाचा आहे आणि त्या कोपऱ्यातल्या हिरव्या लुगड्यावालीत दम आहे. चिडायला व्हायचं ते यासाठी की ते बहुतेकदा खरं निघायचं.

गावाला जाताना माझी स्कूटी आणि मागे सर. मागे बसून दोन्ही पाय जमिनीला घासत न्यायचे, कारण माझ्या ब्रेकवर विश्वास नाही. आणि खिशात कायम फुटाणे. हे फुटाणे साधे समजू नका, ते शस्त्र होतं. समोरचा चिडून तोंड उघडतो न उघडतो तोच सर मूठभर फुटाणे त्याच्या हातावर ठेवायचे. माणूस सवयीनं तोंडात टाकतो. तोंडात फुटाणे असले की माणसाला ओरडता येत नाही. माझी किमान चारशे भांडणं त्या फुटाण्यांनी गिळली.

तो प्रश्न मात्र ते कुणालाही सोडायचे नाहीत. सरपंचाला विचारला, डेअरीच्या चेअरमनला विचारला. राजापेठेतल्या आमच्या चहावाल्याला विचारला, तर त्यानं आठ दिवस आम्हाला चहा दिला नाही. एकदा घरी आले, माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावाई, हे मेली तं सयपाक कोन करते?" नवऱ्याला ती धमकी वाटली. त्या आठवड्यात तो वरणभात शिकला. सरांमुळे माझ्या घराचा झालेला हा एकमेव फायदा.

बायका तर बोटं मोडायच्या. "तुह्या तोंडात माती, मास्तर! लेकरंबाळं हायेत माह्ये." सर फुटाणे वाटायचे. मग आपली ती गोष्ट सांगायचे. प्रत्येक गावात, प्रत्येक प्रशिक्षणात, तीच.

"एक अध्यक्ष होता. मजुरायची सोसायटी होती त्याची. रस्त्याचं काम घे, नाल्याचं काम घे, पन्नास घरं चालत तिच्यावर. लय भला मानूस. सोसायटीचं सारं त्याच्या डोक्यात, अन् कपाटाची चाबी त्याच्या करदोड्याले बांधेल. एक दिवस गेला तो. घरच्यायनं आंघोळ घातली, नेला, जाळला. तिसऱ्या दिवशी सोसायटीवाले आले, म्हने चाबी द्या. अन् चाबी तं करदोड्यासंगं गेली! मंग म्हने कपाट फोडा. सेक्रेटरी म्हने, फोडाले ठराव पाह्यजे. मंग करा म्हने ठराव. आता सांगा, ठरावाचं बुक कुठं हाय?"

इथे सर थांबायचे. सतरंजीवरून एकदम आवाज यायचा, "कपाटातच!" आणि मग हशा. बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. हसू ओसरलं की सर म्हणायचे, "दोन महिन्यात सोसायटी बंद पडली. मानूस एकच मेला होता, पन चिता दोन पेटल्या."

मी ही गोष्ट शंभरदा ऐकली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा चाबी बोटाएवढी होती. दर्यापूरला ती वीतभर झाली, मोर्शीला कुदळीएवढी. एकदा मी म्हटलं, "सर, आता ही चाबी न्यायला बैलगाडी लागेल." ते म्हणाले, "ज्याची चाबी असते त्याले तेवढीच मोठी दिसते." आणि फुटाणे.

आता त्यांच्या अभ्यासक्रमाचा मुख्य धडा सांगते. त्याला ते मरणरजा म्हणत. जो कुणी गटाचा पुढारी असेल त्यानं आठ दिवस मरायचं. खोटं खोटं, पण कडक. फोन सरांच्या पिशवीत. गटाच्या कामाकडे फिरकायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, इशारा करायचा नाही. रस्त्यात दिसला तरी गटातल्यांनी त्याला ओळख द्यायची नाही. आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तशी सूचना लावायची.

काय काय पाहिलं मी या मरणरजेपायी! तेल्हाऱ्याकडचा एक दूध संस्थेचा चेअरमन, तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून बायकोची शाल पांघरून, डोक्यावर घेऊन, हातात कॅन धरून स्वतःच्याच संस्थेत दूध घालायला आला. माणसांनी ओळखलं नाही, त्याच्या कुत्र्यानं ओळखलं. दुसरा एक सरपंच, मिशा अशा की दोन्ही टोकांवर चिमण्या बसाव्यात. तो आठ दिवस मेला आणि गावात कुणाच्या लक्षातच आलं नाही. नवव्या दिवशी हजर झाला तर लोक म्हणाले, "कुठं गेलते काय, भाऊ?" त्याच्या मिशा तेव्हापासून खाली आल्या त्या आल्याच.

हे सगळं मी हसून सोसलं. बेबीताईंच्या वेळी मात्र माझा बांध फुटला.

भातकुली तालुक्यातल्या एका गावात बायकांची दालमिल होती. बारा जणी. ग्रामपंचायतीचं जुनं गोडाऊन तीन वर्षांसाठी मिळालं होतं, त्यात मिल. बेबीताई तिची अध्यक्ष. ही बाई म्हणजे वादळ. तूर घ्यायची तिनं, भिजवायची तिनं सांगितल्यावर, वाळली की नाही हे दाताखाली चावून बघायचं तिनं, व्यापाऱ्याशी भांडायचं तिनं. मोटारीचा स्टार्टर बिघडलेला होता, तो फक्त बेबीताईच्या लाथेनं सुरू व्हायचा. ती टाच मारायची आणि म्हणायची, "ऊठ व माय!" आणि मिल उठायची. दुसऱ्या कुणी लाथ मारली तर पाय सुजायचा. आमचे संचालक प्रत्येक पाहुण्याला बेबीताई दाखवायला नेत. मीही तिच्यावर खूश. सर मात्र एकदाच मिलमध्ये उभे राहिले, एकदा ती लाथ पाहिली आणि म्हणाले, "हे बाई धोक्याची हाय."

"सर, अख्ख्या जिल्ह्यात अशी पुढारी नाही!"

"म्हनूनच. हिले मारा लागते."

आणि मारलं. मिलची किल्ली बेबीताईच्या कमरेची काढून गुंफाबाईच्या हातात दिली. गुंफाबाई म्हणजे कोपऱ्यात बसून सूप पाखडणारी, पदर नाकापर्यंत. तीन वर्षांत मी तिचा आवाज दोनदा ऐकला होता, त्यातल्या एका वेळी ती शिंकली होती. फळ्यावर कागद लागला: "दालमिलच्या अध्यक्षा बेबीताई आजपासून आठ दिवस मयत आहेत (सरावापुरत्या)."

मेल्याच्या तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला. गोडाऊनची तीन वर्षं संपत होती. ते पुढे बायकांकडेच ठेवायचं की उपसरपंचाच्या साळ्याला द्यायचं हे ठरवायला जिल्ह्याची समिती पुढच्या महिन्यात येणार होती. ती आता उद्याच येते म्हणे. साळ्याला तिथे खतांचं दुकान टाकायचं होतं. गोडाऊन गेलं की मिल गेली. दुसरी जागा त्या गावात नव्हती, आणि त्या बाराजणींनी परत निंदणखुरपणीला दुसऱ्यांच्या शेतात जायचं, एवढंच उरत होतं.

मी सरांपुढे हात जोडले. "सर, एका तासासाठी तिला जिवंत करा. एकच तास!"

"मेलेली बाई तासासाठी उठते काय, मॅडम?"

"सर, गोडाऊन जाईल!"

"तिच्याबिगर मिल चालत नसन तं उद्याच गेलेलं बरं. दहा वर्सानं गेलं तं जास्त दुखते."

मी तोंड उघडलं. हातावर फुटाणे आले. मी ते खिडकीबाहेर फेकले. खाली शिकवणीला आलेल्या पोरांच्या डोक्यावर पडले असतील, पडू देत.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात पोचलो तर वेशीतच आक्रोश. झालं होतं असं की फळ्यावरच्या आमच्या कागदावर कुणीतरी लसीकरणाचं पत्रक चिकटवलं होतं आणि नेमकं कंसातलं "सरावापुरत्या" त्याखाली गेलं होतं. उरलं "मयत आहेत". त्याचा फोटो कुणीतरी मोबाइलवर फिरवला, तो फिरत फिरत अकोल्याला बेबीताईच्या माहेरी गेला. दोन भाऊ, दोन भावजया, गाडी करून, रडत आलेले. भावजया ऊर बडवत घरात शिरल्या. बेबीताईचं घर मिलला लागूनच, मधे एकच भिंत. आत बेबीताई पालक निवडत बसलेली. थोरली भावजय तिथंच आडवी झाली. धाकटी किंचाळणार तेवढ्यात बेबीताईनं तिचं तोंड दाबलं.

"बोंबलू नोको! मी मेलेली हाव. नेम मोडते."

काय म्हणावं या बाईला! सरांना शिव्या देत होती, पण त्यांचा नियम पाळत होती.

तेवढ्यात समितीची गाडी आली. मोठे साहेब उतरले, पांढराशुभ्र शर्ट. रडारड ऐकून विचारते झाले, "कोण गेलं?"

उपसरपंचानं गोष्ट उचललीच. तोंड पाडून म्हणाला, "आमच्या बेबीताई, साहेब. चार दिवस झाले. फळ्यावर लागलंच हाय पाहा." वर सुस्कारा टाकला. "लय मोठी बाई होती. आता इच्यामागं मिल कोन चालवते? ह्या बाकीच्या बाया म्हंजे अशाच. म्हनून म्हनतो, गोडाऊन कोनाच्या तरी कामी येऊ द्या."

मी खरं सांगायला पुढे धावले. "साहेब, त्या..." आणि मागून सरांचा हात आला, अख्खी मूठ फुटाणे थेट माझ्या तोंडात. हातावर नाही हो, तोंडात! सहा वर्षांत पहिल्यांदा. मी नुसती गुदमरत उभी.

साहेब मिलमध्ये आले. अकरा बायका भिंतीला टेकून उभ्या. साहेबांनी विचारलं, "आता तुमच्यात कोण?"

एक जण नखानं भिंत खरवडत होती. मी मनातल्या मनात गोडाऊनवर पाणी सोडलं. उपसरपंचाच्या साळ्यानं तर टेप काढून दार मोजायला सुरुवात केली.

तेव्हा गुंफाबाईनं सूप खाली ठेवलं. पदर नाकावरून कपाळापर्यंत वर सारला. ती म्हणाली, "साहेब, बेबी मेली. मिल कुठं मेली?"

कमरेची किल्ली काढली, आतली खोली उघडली, स्टार्टरपाशी गेली. मी डोळे मिटले. लाथ आता कोण मारणार? पण लाथ नाहीच. तिनं नुसतं बोटानं बटण दाबलं आणि मिल उठली. पहिले दोन दिवस बायकांनी त्या स्टार्टरपुढे उदबत्तीसुद्धा लावून पाहिली होती म्हणे. तिसऱ्या दिवशी गुंफाबाईनं झाकण काढलं, आतला एक ढिला स्क्रू विळ्याच्या टोकानं पिळला, आणि झालं. तीन वर्षं बेबीताई ज्याला लाथ मारत होती ते एका स्क्रूचं काम होतं.

डाळ पडायला लागली. चुनीचा, म्हणजे डाळीच्या चुऱ्याचा, धुरळा असा उठला की साहेबांचा शर्ट तुरीच्या रंगाचा झाला. धुरळ्यातच साहेबांना भिंत दिसली. कोळशानं लिहिलं होतं: तूर घेणं, भिजवणं, वाळवणं, मोटार, व्यापारी. प्रत्येक कामापुढे दोन दोन नावं. साहेबांनी ओरडून विचारलं, "ही दोन नावं कशाला?"

गुंफाबाई त्याहून जोरात ओरडली, "एक मेली तं दुसरी!"

साहेबांनी उपसरपंचाच्या साळ्याकडे पाहिलं. त्यानं टेप गुंडाळली. गोडाऊन बायकांकडे राहिलं. जिवंत-मेल्याचा खुलासा मी नंतर साहेबांना गाडीपाशी केला, फुटाणे गिळून झाल्यावर. ते म्हणाले, "त्या उंच माणसाला माझ्या ऑफिसात कधी आणू नका."

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, गोड झालं. थांबा.

समितीची गाडी गेली तशी बेबीताई भिंतीपलीकडून आली. बायका हसत तिच्याकडे धावल्या. ती हसत नव्हती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती सरळ सरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, तीन वर्स मी हाडाची काडं केली. घरी सयपाक नाई केला पन मिल बंद नाई ठेवली. अन् हे गुंफी म्हनते, मिल कुठं मेली? चार दिवसात? एवढं बी नाई अडलं माह्याबिगर?" तिचा आवाज चिरकला. "अवं, माह्यासाठी एक दिवस तं बंद ठेवाची होती!"

सरांनी सवयीनं फुटाणे पुढे केले. बेबीताईनं फाडकन हात उडवला. फुटाणे अंगणभर झाले, कोंबड्या धावल्या. आणि आमचे सर खाली बसून एकेक फुटाणा वेचायला लागले. कोंबड्यांबरोबर.

परतीच्या वाटेवर मी त्यांना सोडलं नाही. स्कूटीवर मागं वळून वळून भांडले. "समाधान झालं? भलं करायला जाता आणि माणसाचं काळीज फोडता. माणसाला कुणाला तरी आपली गरज आहे एवढंच तर हवं असतं. तेही काढून घेता!" ते पाय घासत राहिले. अमरावतीचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले, "तिचं बरोबर हाय. एक दिवस बंद ठेवाले पाह्यजे होती." मग उतरता उतरता, "पन ठेवली असती तं गेली असती."

बेबीताई गुंफाबाईशी दीड महिना बोलली नाही. नंतर बोलली, कारण मोटार जळाली आणि नवी घ्यायला अकोल्याला दोघींना जावं लागलं. एसटीत शेजारी बसून जाता-येता सहा तास गप्प राहणं बेबीताईच्या रक्तात नाही. आणि मग ती स्वतःच शेजारच्या गावांत प्रशिक्षण द्यायला जाऊ लागली. पहिला प्रश्न काय विचारत असेल, सांगायला नको.

त्याच वर्षी एका शनिवारी मी संध्याकाळी कामं आटपून निघाले तर ऑफिसच्या फळ्यावर सरांच्या अक्षरात कागद: "मी मेलो. सरावापुरता नाही. चाब्या खालच्या ड्रॉवरमधे. दोन आहेत." माणूस पिशवी घेऊन हिवरखेडला आपल्या घरी निघून गेला होता. सोमवारी भातकुलीला प्रशिक्षण होतं. मी शिव्या देत गेले, शिव्या देत उभी राहिले, आणि दुपारनंतर पाहते तर मी चपलांपाशी बसलेली.

काही महिन्यांनी संचालकांनी बोलावलं. "मॅडम, ते मरणाचं प्रकरण आता बंद करू. लोक दचकतात. छान हॉटेलच्या हॉलमध्ये घेऊ, पडद्यावर दाखवू, प्रमाणपत्रं देऊ. सोमवारपर्यंत कळवा." मी सरांना फोन लावला. काकूंनी उचलला. "थे म्हनतेत, मेलेल्याले फोन करू नाई."

आता कोण नाही चिडणार? मी एसटीनं अकोला, तिथून अकोट, तिथून हिवरखेड असा प्रवास करून, कमरेचे टाके ढिले करून, त्यांच्या दारात उभी राहिले. सर आतल्या खोलीत, जमिनीवर, एका लोखंडी कपाटाला टेकून बसलेले. गुटगुटीत झाले होते. मेलेला माणूस एवढं वजन कसं वाढवतो? मी सगळं सांगितलं. हॉटेल, पडदा, प्रमाणपत्रं. "सांगा सर, काय करू?"

त्यांनी फुटाण्यांची ताटली माझ्याकडे सरकवली. बोलले नाहीत. मी परत विचारलं. त्यांनी छताकडे पाहिलं. मी ओरडले. डोळे मिटले. मेले होते ना!

काकू पाणी घेऊन आल्या. हसून म्हणाल्या, "नोका इचारू, बाई. महिनाभर मले बी असंच केलं. मीठ कमी हाय का इचारलं तं मुंडी हालवत नाई." त्या कपाटावर ठेवलेल्या गोधड्यांची थप्पी सरळ करू लागल्या. जुनं, हिरव्या रंगाचं, तळाशी गंजलेलं कपाट. दाराला भलंमोठं कुलूप. कुलपाचं भोक गंजानं बुजलेलं.

"काकू, यात काय आहे?"

"काय माईत! मी लगन होऊन आली तवापासून बंदच हाय. सासऱ्याचं. मजुरायची सोसायटी होती त्यायची. चाबी त्यायच्यासंगं गेली. हे तवा शाळेत होते. सोसायटी बंद पडली अन् यायची माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जायला लागली."

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते.

"मग फोडलं का नाही?"

"थेच तं," काकू म्हणाल्या. "म्हनतेत, ठराव लागते."

शंभरदा ऐकलेली गोष्ट. शंभरदा हसले होते मी. बाया "कपाटातच" ओरडायच्या तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा. आणि हा माणूस तो हशा थांबेपर्यंत दरवेळी शांत उभा राहायचा. मी म्हणायचे, किती सुंदर थांबतात सर!

मी पाणी प्यायले. काकूंना म्हटलं, जरा मोठ्यानं, "काकू, सोमवारी मी संचालकांना नाही म्हणून सांगणार आहे. मरणरजा राहणार. त्यांना नको असेल तर पहिली मरणरजा त्यांनाच देऊ." सरांच्या तोंडातला फुटाणा चावता चावता थांबला. पुन्हा चावायला लागला. मग ते उठले, बाहेर जाऊन हात धुऊन आले आणि परत कपाटाला टेकले. बस, एवढंच.

मी उठले. दाराबाहेर चपला घालत होते. माझ्या चपला कुणीतरी सरळ करून, टाचा घराकडे करून ठेवल्या होत्या. काकू तर आतच होत्या. मी वाकून पट्टा लावत होते तेवढ्यात आतून खाकरल्याचा आवाज आला.

"मॅडम."

मी दाराकडे वळले.

"मी गेलो तवा... काई अडलं काय माह्याबिगर?"

काही अडलं नव्हतं. एक तासही नाही. भातकुलीचं प्रशिक्षण ठरल्या वेळी झालं होतं, चाब्या ड्रॉवरमध्ये सापडल्या होत्या, दोन होत्या. त्यांची सगळी शिकवण खरी ठरली होती, आणि ते सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे बेबीताईचं तोंड.

"हो," मी दारातूनच ओरडले. "दुसऱ्या दिवशी ऑफिस बंद ठेवलं होतं, सर. अख्खा दिवस. कुणी जिना चढलं नाही."

आतून फुटाणे फोडल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन.

माझा नवरा म्हणतो ते खोटं नाही, मी ताणते. पण हे ताणलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस खरंच बंद होतं. तो रविवार होता, एवढं मेलेल्या माणसाला सांगून काय करायचं?